हिरव्या पट्ट्यातला ठिपका

माझी चूक कागदावर मोजली तर करंगळीच्या नखाएवढीही भरायची नाही. आलेखाच्या कागदावर जे ठिपके प्रत्येक वर्गाच्या वरच्या टोकाशी द्यायचे असतात, ते मी वर्गाच्या मध्यावर दिले. एखादा नाही, सगळेच. मग ते ठिपके हातानं जोडत एक वक्र काढला. वक्र इतका देखणा आला की मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्याच्याकडे बघत बसलो. बायको म्हणते, देखणं काही दिसलं की तुम्ही तपासायचं विसरता. आणि लगेच पुस्ती जोडते, की हे मी आपल्या लग्नाबद्दल बोलत नाहीये.

मी ज्युनिअर कॉलेजात कॉमर्सच्या मुलांना गणित आणि संख्याशास्त्र शिकवतो. संचित वारंवारतेचे वक्र माझ्या हाताखालून दरवर्षी गठ्ठ्यांनी जातात. बायको नागावला आमच्याच वाडीत दोन खोल्यांचं होमस्टे चालवते. आमच्या घरात कष्टाचं खातं तिच्याकडे आणि अकलेचं माझ्याकडे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती समजूत ज्या रविवारी पाण्यात गेली, त्या रविवारबद्दल सांगतो.

पण त्याआधी सासुरवाडी सांगायला हवी. माझी सासुरवाडी खाडीकाठची, खारेपाटातली. तिथली भातशेती मोठ्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये फक्त मातीचा एक बांध. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भात, आणि भरती पूर्ण भरली की खाडीचं पाणी भातापेक्षा उंच उभं असतं. इथं पडवीत बसून हे वाक्य सहज लिहून होतं. त्या बांधावर उभं राहिलं की माणूस आपोआप शेताच्या बाजूला सरकतो. बांधाला खांड पडलं, म्हणजे तो कुठं फुटला, की खारं पाणी शेतात घुसतं आणि मग ती जमीन पुढची काही वर्षं भाताचं नाव घेत नाही.

बांधाची माती दरवर्षी बसते. उन्हात आकसते, खेकडे तिला पोखरतात. म्हणून पावसाआधी गावात जोळ असते. घरटी एक माणूस, ज्यानं त्यानं आपलं फावडं आणायचं आणि सगळ्यांनी मिळून सबंध बांधावर चिखलाचा एक थर चढवायचा. मजुरी नाही, आणि सूटही नाही. पण अलीकडे घरटी माणूस आणायचा कुठून? तरुण मंडळी न्हावा शेव्याला. कोणी कंटेनरच्या यार्डात, कोणी ट्रेलरवर. माझा मेव्हणाही ट्रेलरच चालवतो. ह्या मे महिन्यात जोळीला इतकी थोडी माणसं जमली की दोन्ही कामं होणं शक्य नव्हतं. एक तर बांधावर थर चढला असता, नाहीतर उघाडीची कुजलेली फळी बदलून झाली असती. उघाडी म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचा बांधातला दरवाजा. दोन्हीतलं कोणतं काम सोडायचं, यावर पडवीत बसून सगळे विड्या ओढत होते.

तिथं मी शिरलो.

झालं होतं असं. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय आणि ऑपरेशन ते लावणी झाली की, कापणी झाली की, असं करत पुढं ढकलतायत. त्यांना रंग कळतात, बारीक खुणा कळत नाहीत. म्हणून मेव्हण्यानं त्यांना उघाडीच्या दगडी खांबावर होडीच्या उरलेल्या रंगाचे पट्टे मारून दिले होते. प्रत्येक पट्टा एक वीत रुंद. खाली पांढरा, मग निळा, मग पिवळा आणि सगळ्यात वर हिरवा. पावसाळ्यात उधाण आलं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आली, की सासरे भर दुपारी बांधावर जात, पाणी कोणत्या रंगापर्यंत चढलं ते पाहत आणि घरी येऊन दाराआडच्या भिंतीवर त्या रंगाच्या ठिपक्याखाली चुन्याची एक रेघ ओढत. गेल्या पावसाळ्याच्या सगळ्या रेघा भिंतीवर तशाच होत्या.

ती भिंत पाहिली आणि माझ्या अंगात संख्याशास्त्र आलं. तयार वर्गीकृत सामग्री, समान रुंदीचे वर्ग, शेजारी वारंवारता. पाठ्यपुस्तकातसुद्धा इतकी नीटस मिळत नाही. मी रेघा मोजल्या, चढत्या बेरजा केल्या: पांढऱ्यापर्यंत इतक्या, निळ्यापर्यंत इतक्या, पिवळ्यापर्यंत इतक्या आणि हिरव्यापर्यंत झाडून सगळ्या. मुलांना शिकवतो त्या क्रमानं आधी वारंवारता बहुभुज काढला. त्याचे ठिपके वर्गाच्या मध्यावरच द्यायचे असतात. हात त्या मध्यांना सरावला आणि त्याच लयीत मी संचित वक्राचे ठिपकेही मध्यांवरच देऊन मोकळा झालो. सगळ्यात वरचा ठिपका हिरव्या पट्ट्याच्या बरोब्बर मध्यावर बसला. म्हणजे कागदाच्या म्हणण्याप्रमाणे हिरव्याच्या मध्यापलीकडे पाणी कधी गेलंच नव्हतं. बांध सगळ्यात जास्त बसला होता तो उघाडीपाशी, आणि तिथं त्याचा माथा त्या मध्यापेक्षा दोन बोटं वर होता.

मी कागद वर धरला आणि सांगितलं, दोन बोटं शिल्लक आहेत, यंदा थराची गरज नाही, माणसं फळीवर घाला.

इतकं लोकप्रिय उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही. मे महिन्याच्या उन्हात चिखल वाहायची कोणालाच हौस नव्हती, आणि आता ती नसण्याला गणिताचा आधार मिळाला होता. सासऱ्यांनी तो आलेख अलिबागेहून लॅमिनेट करून आणला आणि पडवीत कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावला. येईल त्याला तो जावयाची रेघ म्हणून दाखवायचे. मेव्हण्याची बायको, आमच्या वहिनी, त्यांना चिडवायच्या, की मामंजी, तुम्हाला त्यातली रेघ तरी दिसते का? सासरे म्हणायचे, मला जावई दिसतो, पुरं झालं.

निघताना मी त्यांना सांगून आलो, की मामा, यंदाही उधाण चुकवू नका, जितक्या रेघा जास्त तितका पुढचा वक्र चांगला.

हे शेवटचं वाक्य बोललो नसतो तर बरं झालं असतं.

आषाढातली अमावास्या यंदा रविवारी आली. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार आणि गटारी एकाच दिवशी. मग काय, नागावात मुंबईच्या गाड्याच गाड्या, आमच्या दोन्ही खोल्या भरलेल्या आणि बायको सकाळपासून वड्यांच्या पिठात कोपरापर्यंत. मी पडवीत घटक चाचणीचे पेपर घेऊन बसलो होतो. प्रश्न नेहमीचाच, 'पेक्षा कमी' प्रकारचा संचित वारंवारता वक्र काढा. पहिल्याच पेपरात ठिपके वर्गाच्या मध्यावर. मी अर्धा गुण कापला. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात पुन्हा तेच दिसल्यावर माझ्यातला विनोदी लेखक जागा झाला आणि मी लाल शाईनं समासात लिहिलं: 'वर्ग संपण्याआधीच मोजणी कशी संपली?'

वाक्य मला आवडलं. पुन्हा वाचलं. आणि तिसऱ्यांदा वाचताना पेन हातातून घसरून खाली गेलं.

हिरव्याखाली चुन्याची रेघ आहे याचा अर्थ एवढाच, की पाणी हिरव्यात कुठंतरी होतं. बुडाशी असेल, मध्यावर असेल, पार वरच्या कडेशीही असेल. सासऱ्यांना ते दिसत नाही आणि भिंतीला ते ठाऊक नाही. 'ह्याच्या आत सगळं' असं छातीवर हात ठेवून म्हणता येतं ते फक्त पट्ट्याच्या वरच्या कडेबद्दल. म्हणून तर ठिपका टोकाशी द्यायचा. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. आणि उघाडीपाशी बांधाचा माथा त्या वरच्या कडेपेक्षा खाली होता. अर्धी वीत म्हणजे सहा बोटं, त्यातून दोन वजा करा. चार बोटांनी खाली.

गेल्या वर्षी बांधावर थर होता. यंदा नव्हता. माझ्यामुळं नव्हता.

मी वर पाहिलं. वाडीतल्या माडांचे शेंडे सगळे एकाच बाजूला वाकले होते. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे पाणी खाडीत लोटणारा. मोबाइलवर भरतीची वेळ पाहिली, दुपारी साडेबारा. नव्या भाताची रोपं आठवड्यापूर्वीच लावून झालेली. आणि साडेबाराला, उघाडीच्या खांबाशी, बांधाच्या सगळ्यात सखल जागी, डोळ्यांनी अधू असलेला एक म्हातारा रंग बघत उभा असणार होता. कारण जावयानं सांगितलं होतं, चुकवू नका.

मेव्हण्याचा फोन लागेना. तो रात्रपाळी करून आला की फोन बंद करून झोपतो. सासरे फोन बाळगतच नाहीत. वहिनींना लावला. मामा काय करतायत म्हणून विचारलं, तर चहात पाव बुडवतायत म्हणाल्या. मग मी वारा कसा आहे ते विचारलं. पाऊस किती आहे ते विचारलं. खरं ते जिभेवर येत होतं आणि जावई म्हणून मिळालेला मानाचा पाट त्याला पुन्हा आत ढकलत होता. शेवटी कसंबसं म्हणालो, की मामांना आज बांधावर जाऊ देऊ नका, मी येतोय. वहिनींनी त्यातलं फक्त 'मी येतोय' ऐकलं. गटारीला जावई आपणहून येतोय, ह्या आनंदात त्यांनी तिथूनच कोणाला तरी ओरडून दुसरा कोंबडा धरायला सांगितला. मी चूक सांगायला तोंड उघडलं तेव्हा त्या टोकाला कोंबडा जिवाच्या आकांतानं ओरडत होता. त्याचं आणि माझं दुःख त्या क्षणी फारसं वेगळं नव्हतं. फोन कट झाला.

बायकोला म्हटलं, चल, तुझ्या माहेरी जाऊन येऊ. तिनं पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. सहज."

"गटारीला पेपर टाकून सहज उठणारा माणूस मी पाहिला नाही अजून," ती म्हणाली. पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असणार. तिनं वडे शेजारणीच्या हवाली केले आणि हात धुऊन मागं येऊन बसली.

बायको स्कूटरवर बसली की माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवते. लग्नापासूनची सवय आहे. मला तर आता तो हात गाडीचाच भाग वाटतो. अलिबागच्या नाक्यावर मुंबईच्या गाड्यांनी रस्ता बांधून ठेवला होता. त्या गर्दीत उभा असताना मी आरशाकडे बघून सांगायला सुरुवात केली. समोर बघून सांगितलं असतं तर तिला ऐकू गेलं नसतं, आणि मागं वळून सांगायची छाती नव्हती. म्हटलं, मे महिन्यातला तो आलेख. चुकलाय.

"किती?"

"अर्धी वीत."

खांद्यावरचा हात निघाला.

पुढचा सबंध रस्ता मी त्या रिकाम्या खांद्यानं गाडी चालवली. पावसाची सर आली, गेली. मी स्पष्टीकरण देत होतो, वर्गमध्य, वरची मर्यादा, आणि माझा आवाज हेल्मेटमध्येच घुमून मला परत ऐकू येत होता. खारेपाटाकडे वळल्यावर ती एकदाच बोलली.

"बाबा बाराच्या आधीच जाऊन बसतात तिथं," ती म्हणाली. आणि मग, "वेगात नको. नीट चालवा."

सासुरवाडीच्या अंगणात कोंबडीच्या रश्श्याचा वास होता आणि सासरे नव्हते. वहिनी पदराला हात पुसत हसत पुढं आल्या. मामंजी आज लवकरच निघाले म्हणाल्या. जावई जेवायला येतोय, पंगतीला उशीर नको, म्हणून रंग बघून लवकर परततो म्हणाले. म्हणजे माझ्या फोननं त्यांना थांबवलं नव्हतं, उलट पिटाळलं होतं.

बायको चपला न काढता आत गेली. मेव्हणा चादर डोक्यावर घेऊन झोपला होता. तिनं चादर ओढली.

"दादा, ऊठ. ह्यांची रेघ चुकलीय. उघाडीपाशी बांध चार बोटं कमी आहे आणि बाबा तिथंच आहेत."

मेव्हणा उठून बसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ब्रेक दाबावा आणि गाडी थांबू नये, तेव्हा ड्रायव्हर पायाखाली ज्या नजरेनं बघत असेल, तसं. मग त्यानं फोन चालू केला, तोंडाशी धरला आणि गावाच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला.

"ऐका रं सगल्यांनी. भाऊजींची रेघ चुकलीय. उघाडीपाशी बांध कमी हाय. जोल हाय, आत्ताच्या आत्ता. फावडी नि रिकाम्या गोन्या घेऊन या. जेवान मंग."

आम्ही आळीतून पळत निघालो तेव्हा हा निरोप प्रत्येक घरातून वाजत होता. ह्या खिडकीतून 'भाऊजींची रेघ', पुढच्या ओटीवरून 'चुकलीय', त्यापुढच्या घरातून पुन्हा 'भाऊजींची रेघ'. माझी चूक माझ्या पुढं पुढं पळत होती आणि मी चिखलात तिच्या मागं. पण गटारी होती म्हणून गाव भरलेलं होतं. यार्डातले, ट्रेलरवरचे, सगळे घरी आलेले. इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं पँटी गुडघ्यांवर दुमडत बाहेर पडली. एकदोघांनी गटारी सकाळीच उरकली होती, तेही फावडी घेऊन निघाले. चालत जरा आडवे होते, पण आले.

बांधावर चढलो आणि माझे पाय थांबले.

डाव्या हाताला खाडी होती, गढूळ, फुगलेली, आणि ती माझ्या पायांपासून हातभर खाली येऊन उभी होती. उजव्या हाताला, माझ्या कमरेइतकं खाली, कोवळं भात वाऱ्यावर लवत होतं. बिळांतून खेकडे निघून बांधाच्या माथ्यावर जमले होते. त्यांनी कुठला आलेख पाहिला नव्हता. पुढं उघाडीच्या खांबाशी सासरे, डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतलेला, एका हातानं खांब धरलेला. त्यांच्या पावलांपासून पाणी वीतभरही खाली नव्हतं.

बायकोनं लांबून हाक मारली. "बाबा, तिथून हला. इकडं या."

"थांब गो," त्यांनी तिकडूनच आवाज दिला. आवाजात आनंद होता. "पिवला भिजला पुरा. हिरव्याला लागलंय पानी. भरती व्हायचीय अजून, रेघ कशी मारू?"

मेव्हणा निघाला होता. मी त्याला थांबवलं. असं लिहिलं की शूरपणाचं वाटतं, म्हणून सांगतो, की मला पोहता येत नाही आणि मी पुढं गेलो ते ह्या एका कारणानं, की त्यांना तिथं मी उभं केलं होतं. बांध तिथं एका माणसापुरताच रुंद. चिखल बुटांना धरत होता. एकदा पाय खाडीच्या अंगाला घसरला, तेव्हा मी खाली बसलो आणि पुढचा थोडा भाग जावयाला न शोभणाऱ्या रीतीनं, चार पायांवर पार केला. खांबाशी पोचल्यावर त्यांचा दंड धरला. माझ्यापेक्षा त्यांचा दंड स्थिर होता.

"मामा, माझा वक्र चुकलाय. पाणी हिरव्याच्या वरच्या कडेपर्यंत येऊ शकतं. बांध तेवढा उंच नाही."

त्यांनी आपले दुधाळ डोळे माझ्याकडे वळवले. पाणी खांबावर चपचप करत होतं.

"मंग मे महिन्यात थर घालाया पायजे होता म्हना."

"हो."

"न्हाय घातला."

"नाही."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं बांधाचा माथा चाचपला. त्या अंगठ्याइतकी भीती मला पाण्याचीही वाटली नव्हती. मग ते म्हणाले, "चला, आता घालू," आणि माझ्या हाताला धरून मलाच परत घेऊन आले. मी डोळे त्यांच्या टाचांवर ठेवले होते. पाण्याकडे बघितलंच नाही.

त्यांना उंच बाजूला बसवलं आणि साखळी लागली. आतल्या अंगाच्या चरातून चिखल काढायचा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरायचा, हातोहात पुढं द्यायचा, आणि मेव्हणा आणि आणखी दोघं सखल भागावर त्या गोण्या दाबून बसवत जायचे. मी साखळीत मध्ये. पहिलीच गोणी माझ्या हातातून निसटून पायावर पडली. पलीकडून कोणीतरी विचारलं, मास्तर, ह्याला किती मार्क? कोणी हसलं, कोणी हसलं नाही. माझ्या शेजारी बायको होती. चिखल तिच्या केसांपर्यंत गेला होता आणि ती माझ्याकडे न बघता माझ्या हातातून गोण्या घेत होती.

पाणी चढत होतं. मी खांबाकडे बघायचं नाही ठरवलं होतं आणि प्रत्येक गोणीनंतर बघत होतो. हिरव्याचा मध्य जवळ आला. मग तो दिसेनासा झाला. मी कागदावर जिथं शेवटचा ठिपका ठेवून पेन्सिल खाली ठेवली होती, ती जागा पाण्याखाली गेली, आणि पाणी तिथं क्षणभरही रेंगाळलं नाही. मग ती दोन बोटंही गेली.

गोण्यांच्या रांगेत अजून एक फट होती, दोन माणसांएवढी. तिथं जुन्या माथ्यावरून पाण्याची पहिली जीभ अलीकडे आली. पातळ होती, तपकिरी, घरात पाण्याचा तांब्या लवंडावा तशी. ती बांधाच्या आतल्या उतारावरून भाताकडे ओघळली आणि उतरताना तिनं बोटभर माती सोबत नेली. बांध असाच जातो हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आधी तांब्याभर, मग घागरभर, मग बांधच. मेव्हणा ओरडला, गोणी. गोणी साखळीत मागं कुठंतरी होती. बायको उतरली आणि त्या फटीत जाऊन बसली, पाठ खाडीकडे करून, पाय आत सोडून. पाणी तिच्या कमरेला दोन्हीकडून वळसा घालत होतं. मी तिच्या शेजारी बसलो. विचार करून नाही. दोघांची मिळून फट जवळजवळ भरली. इतकी वर्षं खाल्लेल्या वड्यांचा कधीतरी उपयोग व्हायचाच होता. पाठीला खाडीचा दाब लागत होता, एखादं मोठं जनावर टेकून उभं असावं तसा. मी डोळे मिटले. गोण्या आल्या, आमच्या दोन्ही बाजूंनी आणि मागून दाबल्या गेल्या. मग आम्हाला ओढून काढलं आणि आमच्या जागी चिखल बसला.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. सगळे फावड्यांवर रेलून बघत उभे राहिले. पाणी गोण्यांना टेकलं होतं. खांबावर हिरव्याची अगदी बारीक कड दिसत होती. एक नारळाचं सोडण खांबाजवळ तरंगत होतं, ना इकडं ना तिकडं. मी त्या सोडणाकडे जितक्या एकाग्रतेनं पाहिलं तितक्या एकाग्रतेनं मी माझ्या नेमणुकीचं पत्रही वाचलं नव्हतं. बराच वेळ ते जागीच गोल फिरत राहिलं. मग हळूच समुद्राच्या दिशेला सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं.

"लागली ओहोटी," मेव्हणा म्हणाला. मी मटकन गोण्यांवर बसलो.

सासऱ्यांनी लांबून विचारलं, रंग कुठला होता? मी सांगितलं, हिरवा. "म्हंजे हिरव्यातच," ते समाधानानं म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं जावयाचं फारसं काही चुकलं नव्हतं.

जेवायला उशीर झाला. पंगतीत सगळ्यांच्या कानांत चिखल होता. सासऱ्यांनी आधी दाराआड जाऊन हिरव्याखाली नवी रेघ ओढली, मग पाटावर बसले. मी पडवीतला आलेख खिळ्यावरून काढायला गेलो तर वहिनींनी ताटातून मान वर केली आणि राहू द्या म्हणाल्या. जोळीला माणसं कमी पडली की हाच दाखवायचा. मेव्हणा म्हणाला, नवीन रेघ काढा भाऊजी, जरूर काढा, फक्त थर घालून झाला की मग आणा. सगळे हसले. मीही हसलो, पण रश्श्याची वाटी ताटात तशीच राहिली, आणि ते बायकोनं पाहिलं.

परतीच्या वाटेवर खांदा रिकामाच होता. अलिबागचा नाका गेला, नागावचा फाटा आला, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यानं गाडी उसळली आणि तिचा हात खांद्यावर येऊन बसला. खड्डा संपल्यावरही तिथंच राहिला. त्या रस्त्यावरचे खड्डे बुजवा म्हणून मी यापुढं अर्ज करणार नाही.

संध्याकाळी अंघोळ करून मी पुन्हा पडवीत बसलो. पाहुणे समुद्रावर गेले होते. पेपर तसेच पडले होते, वर तो तिसरा, माझ्या लाल शाईतल्या विनोदासकट. त्या मुलाचा वक्र मी नीट पाहिला. हातानं काढलेला, सुरेख, शेवटचा ठिपका वर्गाच्या बरोब्बर मध्यावर. मला त्याची फार माया आली. समासातलं वाक्य मी खोडलं. मग कापलेला अर्धा गुणही परत द्यावा असं वाटू लागलं. असल्या चुकीला मी कोणत्या तोंडानं गुण कापायचे? बायको पायरीवर बसून नखांतला चिखल काढत होती. तिला विचारलं, देऊन टाकू का अर्धा अर्धा मार्क ह्या पोरांना?

ती मान वर न करता म्हणाली, "कापा. उद्या ही पोरं कुणाचे तरी जावई होणार आहेत."